‘वायू’ या संज्ञेची मर्यादा : मिश्रणांच्या प्रावस्थाविचारातील काही शब्दांचे परीक्षण

शास्त्रीय संज्ञा ही वस्तूवर मागाहून चिकटविलेली चिठ्ठी होय, असा समज शास्त्राच्या अभ्यासकांत रूढ आहे. शब्द कोणताही वापरा, समीकरण तेच राहते, असे ते म्हणतात. आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे म्हणणे खरेही असते. परंतु उच्च तापमान व उच्च दाब यांखाली वायूंच्या मिश्रणाची एकच प्रावस्था राहील की दोन होतील, या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर शब्द वस्तूच्या मागून न येता पुष्कळदा तिच्या पुढे उभा राहिलेला दिसतो. दोन वायू एकमेकांत कोणत्याही प्रमाणात मिसळतात, हे विधान क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. ते अनुभवाचे सार म्हणून शिकविले गेले खरे, पण त्याला व्याख्येची निश्चितता प्राप्त झाली होती. जे मिसळत नाही ते वायू नव्हेच, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

या विचाराचा मूळ ग्रंथ म्हणजे योहानेस डिडेरिक व्हान डर वाल्स यांनी १८७३ साली लायडन विद्यापीठास सादर केलेला प्रबंध. ग्रंथकार त्या काळी हेग येथे शाळेत शिकवीत. ग्रीक व लॅटिन या भाषांचे शिक्षण झालेले नसल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांची दारे त्यांना पुष्कळ वर्षे बंद होती; ती अट शिथिल झाली तेव्हा कोठे त्यांचा मार्ग मोकळा झाला. प्रबंध त्यांनी डच भाषेत लिहिला. मॅक्सवेल यांनी १८७४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे परीक्षण करताना, या प्रबंधामुळे एकाहून अधिक संशोधक डच भाषेच्या अभ्यासाकडे वळले आहेत, असे नमूद केले आहे. जर्मन भाषांतर १८८१ साली आणि इंग्रजी १८९० साली झाले. देशी भाषेत शास्त्र लिहावे की नाही, या वादात हे उदाहरण आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगता येण्याजोगे आहे. मात्र ते सांगताना त्यातील अट विसरू नये : त्या प्रबंधात भाषा शिकण्याचे श्रम सार्थकी लावील असा विचार होता.

प्रबंधाचे शीर्षक ‘वायुरूप व द्रवरूप अवस्थांच्या सातत्याविषयी’ अशा अर्थाचे आहे. ही शब्दयोजना बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांची. कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी त्यात द्रवाचा पृष्ठभाग दिसत नाही, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले आणि १८६९ सालच्या व्याख्यानात त्या बिंदूला ‘क्रांतिक बिंदू’ या अर्थाचे नाव दिले. त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, वायू प्रथम तापवून, मग दाबून, मग थंड करून त्याचा द्रव करता येतो, आणि या सबंध प्रवासात तो द्रव केव्हा झाला हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. व्हान डर वाल्स यांनी या निरीक्षणाला कारण दिले. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते परस्परांना आकर्षितात, एवढ्या दोनच दुरुस्त्या आदर्श वायूच्या नियमात करून त्यांनी एकच समीकरण दोन्ही अवस्थांना लागू केले. त्यांच्या मते वायूचे रेणू आणि द्रवाचे रेणू भिन्न नव्हेत, त्यांवर चालणारी बलेही भिन्न नव्हेत.

भाषेच्या दृष्टीने या शीर्षकात एक ओढाताण आहे. दोन अवस्थांमधील सीमा सर्वत्र नसते, हे सिद्ध करावयाचे. आणि ते सांगण्यासाठी सीमा गृहीत धरणारी दोन नामे वापरावयाची. सातत्य हे दोन वस्तूंचेच असू शकते. समीकरणाला एकच पदार्थ दिसत होता, पण वाक्याला दोन लागत होते. प्रबंधापुरते यात काही बिघडले नाही. वाचक जेथे होता तेथून त्याला नेणे हे प्रबंधाचे काम होते, आणि वाचक दोन नामांच्या जगात राहत होता. बिघडले ते पुढे, मिश्रणांचा विचार सुरू झाल्यावर.

तत्पूर्वी ‘वायू’ या शब्दाचीच थोडी चौकशी करणे आवश्यक आहे. युरोपीय भाषांतील ‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या ब्रसेल्सच्या वैद्याने घडविला. ग्रीक ‘खाओस’ म्हणजे आदिम अव्यवस्था, हे त्याचे मूळ. डच भाषेतील ‘ग’चा उच्चार घर्षक असल्याने ते रूप तसे साधले. हा शब्द प्रथम आकारहीनतेचा वाचक होता. पुढे त्याला वर्गवाचक नामाची प्रतिष्ठा मिळाली, आणि फॅरडे यांना १८४५ पर्यंत जे सहा वायू द्रवरूप करता आले नाहीत, त्यांना ‘स्थायी वायू’ असे म्हटले जाऊ लागले. हे विशेषण १८७७ पासून, ऑक्सिजनच्या द्रवीकरणाने, डळमळू लागले आणि १९०८ साली कामर्लिंग ऑनेस यांनी हीलियमचा द्रव केला तेव्हा निरर्थक झाले. अँड्र्यूज यांच्या प्रयोगांनी एक नवी व्यवस्था हाती दिली होती : क्रांतिक तापमानाच्या खाली असेल ते ‘बाष्प’, वर असेल तो ‘वायू’. ही व्याख्या सुटसुटीत आहे, आणि शुद्ध पदार्थापुरती निर्दोष आहे.

मराठीचा संसार निराळा आहे. ‘वायू’ हा संस्कृत ‘वा’ म्हणजे वाहणे या धातूपासून आलेला शब्द. त्यात गती आहे, आणि पंचमहाभूतांपासून पोटातील वातापर्यंत त्याचा संचार आहे. ‘बाष्प’ व ‘वाफ’ हे मुळात एकाच शब्दाचे तत्सम व तद्‌भव रूप. पैकी तत्समाला संस्कृतात अश्रू हाही अर्थ आहे, तद्‌भव स्वयंपाकघरात राहिले. आणि ‘गॅस’ हा परका शब्द मराठी घरात आला तो चुलीच्या जागी. ‘गॅस संपला’ असे गृहिणी म्हणते तेव्हा टाकीत जे संपलेले असते तो प्रोपेन व ब्यूटेन यांच्या मिश्रणाचा द्रव होय; टाकी हलविली असता तो डुचमळलेला ऐकू येतो. बोलीला त्याचे वावडे नाही, कारण बोलीत शब्द कामावरून ठरतो. शास्त्राच्या भाषेला मात्र ही मोकळीक घेता येत नाही.

मिश्रणांचा सिद्धांत व्हान डर वाल्स यांनी १८९० साली मांडला. दोन घटकांच्या मिश्रणाची मुक्त ऊर्जा त्यांनी आकारमान व घटकप्रमाण या दोन अक्षांवर उभारलेल्या पृष्ठाच्या रूपाने कल्पिली. हे पृष्ठ जेथे सर्वत्र खालून बहिर्वक्र असेल तेथे मिश्रण एकजीव राहते; जेथे त्यावर चुणी पडते तेथे त्याच्या दोन प्रावस्था होतात, आणि चुणीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकणारी पातळी त्या प्रावस्था कोणत्या हे सांगते. कोर्टेवेग यांनी या चुण्यांचे गणित सिद्ध केले. डच भाषेत वापरलेला शब्द ‘प्लोय’, म्हणजे कापडाला पडते ती चुणी; मराठीत ‘निरी’ म्हटले तरी चालेल. चुणी जेथे संपते तो मिश्रणाचा क्रांतिक बिंदू, त्याला लायडनच्या लेखनात चुणीबिंदू असेच म्हटले जाई.

हा शब्द परीक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चुणी म्हणताना कोणती बाजू वायूची आणि कोणती द्रवाची, हे सांगावे लागत नाही. पृष्ठाचा आकार पाहावा, चुणी आहे की नाही ते पाहावे, ती कोठे संपते ते पाहावे. अवस्थांच्या नावांवाचून प्रावस्थांचा विचार करू शकणारी भाषा लायडनला सापडली होती, आणि ती शिंप्याच्या व्यवहारातून घेतलेली होती, हे विशेष.

या भाषेचे सामर्थ्य लगेच दिसले. क्यूनेन यांनी १८९२ साली मिश्रणांतील उलट्या संघननाचा उलगडा केला. दाब वाढवीत गेल्यास प्रथम द्रव जमतो, पण दाब आणखी वाढविताच तो पुन्हा नाहीसा होतो, असा हा प्रकार. शुद्ध पदार्थात असे घडत नाही. कारण तेथे क्रांतिक बिंदू हेच दोन प्रावस्थांच्या सहअस्तित्वाचे शेवटचे टोक. मिश्रणात तो बिंदू सीमावक्रावर बाजूला सरकलेला असतो, आणि त्याहून अधिक तापमानालाही दोन प्रावस्था नांदू शकतात. ‘क्रांतिक’ या मराठी प्रतिशब्दाची अडचण येथे कळते. क्रांती म्हणजे ओलांडणे. हा शब्द वाचून विद्यार्थी असे समजतो की, त्या तापमानापलीकडे गेले की प्रकरण संपले. मिश्रणाच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे, आणि ती चूक समीकरणात कोठेही नाही. जाता जाता असेही म्हणावेसे वाटते की, ‘प्रतिगामी संघनन’ या जड शब्दापेक्षा ‘वक्री संघनन’ हा शब्द मराठी वाचकाला चटकन उमगेल. ग्रह वक्री होतो म्हणजे काय, हे येथे पंचांग न पाहणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता मूळ मुद्दा. १९०६ साली कामर्लिंग ऑनेस यांनी हीलियम व हायड्रोजन यांचे मिश्रण द्रव हायड्रोजनच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २० केल्विनला, दाबून पाहिले. दाब पुरेसा वाढताच हीलियमने समृद्ध असलेली वायुरूप प्रावस्था द्रवाच्या तळाशी गेली. द्रवात बुडणारा वायू, अशा अर्थाच्या शीर्षकाने त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. हीलियमच्या अणूचे वस्तुमान हायड्रोजनच्या रेणूच्या दुप्पट, हे लक्षात घेतले तर यात गूढ काही नाही. आश्चर्य आहे ते ‘वायू’ आणि ‘बुडणे’ हे दोन शब्द एका वाक्यात आल्याचे. पुढच्याच वर्षी ऑनेस व केसॉम यांनी सिद्धांतावरून असा निष्कर्ष काढला की, काही मिश्रणांत चुणी दोन्ही घटकांच्या क्रांतिक तापमानांच्या वरही टिकून राहील. या घटनेला त्यांनी ‘वायू-वायू समतोल’ या अर्थाचे नाव दिले.

येथे लायडनची भाषा मागे वळली, असे म्हणावे लागते. चुणीच्या परिभाषेत सांगावयाचे तर एवढेच सांगणे पुरे होते की, चुणी अमुक तापमानापलीकडेही जाते. पण नाव देण्याची वेळ आली तेव्हा लेखणी जुन्या नामाकडे गेली. क्रांतिक तापमानाच्या वर असेल तो वायू. दोन्ही घटक आपापल्या क्रांतिक तापमानाच्या वर आहेत. सबब दोन्ही प्रावस्था वायू आहेत. अनुमान तर्कशुद्ध दिसते, पण त्याच्या मध्यावर एक फट आहे. क्रांतिक तापमान हा शुद्ध घटकाचा धर्म. प्रावस्था ही मिश्रणाची असते, घटकाची नव्हे. हीलियम वायू आहे आणि झेनॉन वायू आहे, यावरून त्या दोहोंच्या मिश्रणातून वेगळा झालेला थरही वायूच आहे, हे निष्पन्न होत नाही. मिश्रणाला स्वतःचा असा एक क्रांतिक बिंदू नसून घटकप्रमाणागणिक बदलणाऱ्या बिंदूंचा वक्र असतो. आणि या प्रकारात तो वक्र वरच्या तापमानाकडे चढत जातो. म्हणजे व्याख्येतील ‘क्रांतिक तापमान’ कोणाचे, याचे उत्तरच उरत नाही. घटकवाचक नाम प्रावस्थेला लावले गेले, हा तो दोष.

प्रयोगाने हे समतोल हाती येण्यास बराच काळ गेला. १९४० च्या सुमारास क्रिचेव्हस्की यांनी अमोनिया व नायट्रोजन यांच्या मिश्रणात अमोनियाच्या क्रांतिक तापमानापलीकडे, म्हणजे १३२ अंश सेल्सिअसच्या वर, दोन प्रावस्था दाखविल्या. तेथे क्रांतिक वक्र प्रथम थोडा खाली उतरतो आणि मग चढतो. डेल्फ्टच्या द स्वान आरोन्स व डीपेन यांनी १९६६ साली हीलियम व झेनॉन यांचे उदाहरण दिले. त्यात वक्र झेनॉनच्या क्रांतिक बिंदूपासूनच सरळ वर निघतो. असे थर दिसतात तेव्हा त्यांची घनता द्रवाच्या घनतेजवळ पोहोचलेली असते, आणि म्हणून हे वायू नव्हेत, दबलेले द्रव आहेत, असा आक्षेप घेता येतो. त्याला उत्तर म्हणून व्याख्या पुढे करता येते. दोन्ही पक्षांना एकाच नळीतील एकच थर दिसत असतो. असा वाद प्रयोगाने मिटत नाही.

मराठीपुरता तो मिटविण्याचे साधन मराठीत तयार आहे. ‘द्रायू’ हा शब्द द्रव आणि वायू यांस मिळून एकच नाव हवे म्हणून घडविला गेला. मराठी विश्वकोशात ‘द्रायुयामिकी’ या रूपाने तो अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तो अनाथ होय. ‘द्रव’चे डोके आणि ‘वायू’चे शेपूट जोडून शब्द करावा, असा कोणताही समास वा संधी संस्कृतात नाही. शुद्धतावाद्यांनी त्यावर नाक मुरडले तर त्यांना दोष देता येत नाही. तसेच त्याच्या देहातच दोन अवस्था जोडलेल्या असल्याने, तो ऐकणाऱ्याला दोहोंची आठवण करून देतो. हिंदीतील ‘तरल’ या दृष्टीने अधिक निःसंग आहे. एवढे सगळे मान्य करूनही, क्रांतिक वक्रापलीकडच्या पदार्थाला काय म्हणावे या प्रश्नाला ‘द्रायू’ हेच मराठीतील सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. तो दोहोंपैकी कोणते, हे न सांगण्याची सोय देतो. आणि येथे नेमकी तीच सोय हवी आहे.

असे असता मराठीत ‘वायू-वायू समतोल’ असा शब्दशः अनुवाद करणे म्हणजे दुसऱ्या भाषेने केलेली चूक आपल्या भाषेत हौसेने आणणे होय. ‘द्रायू-द्रायू विलगन’ म्हटले की घटना सांगितली जाते, आणि नसलेला दावा केला जात नाही. इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ होईल, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु इंग्रजी लेखनातही अशा प्रसंगी द्रायूचा पर्यायशब्द वापरण्याची रीत आता रुळली आहे. तेव्हा अडचण वाटते तेवढी नाही. ‘अवस्था’ आणि ‘प्रावस्था’ यांतील भेद मात्र कटाक्षाने पाळला पाहिजे. तेल व पाणी यांची अवस्था एक, प्रावस्था दोन. एका ‘प्र’वर एवढा भार टाकणे धोक्याचे आहे, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकास माहीत असेल.

दुसरा शब्द ‘भाकीत’. मिश्रणांच्या प्रावस्थांचे भाकीत करणारी समीकरणे आज विपुल आहेत. सोआवे यांचे १९७२ चे, पेंग व रॉबिन्सन यांचे १९७६ चे, ही दोन तर अभियंत्यांच्या नित्य वापरातली. दोन्हींचा सांगाडा व्हान डर वाल्स यांचाच आहे. भिन्न रेणूंमधील आकर्षण शुद्ध घटकांच्या आकर्षणांवरून काढावयाचे, आणि ते बरोबर उतरत नाही म्हणून प्रत्येक जोडीसाठी एक दुरुस्ती-अंक घालावयाचा, ही त्यांची रीत. हा अंक कोठून येतो? त्याच जोडीच्या मोजलेल्या प्रावस्थांवरून. म्हणजे मोजलेले समीकरणात भरावयाचे आणि जवळपासचे त्यातून काढावयाचे. उपयोगाच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. नैसर्गिक वायूसाठी २००८ च्या नावाने ओळखले जाणारे ‘गर्ग’ समीकरण एकवीस घटक हाताळते. पण ते ९० ते ४५० केल्विन व ३५ मेगापास्कलपर्यंत, अशी आपल्या नेहमीच्या वापराची हद्द स्वच्छ सांगते. अशा हिशेबाला भाकीत म्हणावे काय?

या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा संपन्न आहे, आणि ती संपत्ती वापरात नाही. हवामानाचा आपण ‘अंदाज’ म्हणतो, न्यायशास्त्रात ‘अनुमान’ असते, आणि ‘भाकीत’ भाकणे या क्रियापदाचे वजन घेऊन येते. मोजलेल्या बिंदूंच्या मधले मूल्य काढणे हा अंदाज. केवळ शुद्ध घटकांच्या गुणधर्मांवरून मिश्रणाचे वर्तन काढणे हे अनुमान. आणि ज्या प्रकारची घटना कोणी पाहिलेली नाही, ती असलीच पाहिजे असे सांगणे हे भाकीत. ऑनेस व केसॉम यांचे १९०७ चे विधान या शेवटच्या अर्थाने भाकीत होते, आणि ते खरे ठरण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

ज्या समीकरणातून ते निघाले ते अंकांच्या बाबतीत कच्चे आहे, हे मुद्दाम सांगावयास हवे. क्रांतिक बिंदूशी दाब व आकारमान यांच्या गुणाकाराला वायुस्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराने भागले असता ते सर्व पदार्थांना ०.३७५ देते; कार्बन डाय-ऑक्साइडचे खरे मूल्य ०.२७ च्या आसपास आणि पाण्याचे ०.२३. तरीही व्हान कोनिनेनबर्ग व स्कॉट यांनी १९८० साली याच समीकरणावरून द्विघटक मिश्रणांचे वर्गीकरण केले, तेव्हा माहीत असलेल्या सहा प्रकारच्या आकृत्यांपैकी पाच त्यातून निघाल्या. सहावी तेवढी निघाली नाही. अंक चुकतात आणि आकृती बरोबर येते, असे हे समीकरण. नवी समीकरणे अंक साधतात, पण दुरुस्ती-अंक हद्दीबाहेर नेला की आकृतीच बदलून बसते. दोहोंना एकच ‘भाकीत’ शब्द लावल्याने विद्यार्थी नव्याला जुन्याहून सर्वच बाबतींत श्रेष्ठ समजतो.

‘उच्च’ या विशेषणाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. १९१३ साली ओपाऊ येथे अमोनियाचा कारखाना सुरू झाला तेव्हा दोनशे वातावरणांचा दाब हा उच्च होता. गुरू ग्रहाच्या अंतर्भागाचा विचार करणाऱ्याला दहा लाख वातावरणे ही सुरुवात वाटते. तेथेही प्रश्न तोच आहे : हायड्रोजन व हीलियम एकजीव राहतात काय? १९९५ साली गॅलिलिओ यानाच्या शोधकुपीने गुरूच्या वातावरणात उतरून मोजले, तेव्हा हीलियमचे प्रमाण मूळ सौरद्रव्याच्या मानाने कमी आणि निऑनचे तर सुमारे एकदशांश आढळले. खोलवर हीलियम वेगळा होऊन खाली जातो आणि निऑन त्यात विरघळून बरोबर जातो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हिऱ्यांमध्ये आधी दाबलेल्या मिश्रणावर लेसरने आघात करून केलेल्या प्रयोगांत अशा विलगनाची चिन्हे दिसल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

या घटनेला ‘हीलियमचा पाऊस’ असे नाव पडले आहे. आभाळ नाही, पाणी नाही, हजारो अंशांचे तापमान; तरी हे रूपक सरसकट टाकून देण्यासारखे नाही, कारण जड ते हलक्यातून खाली येते, एवढे ते अचूक सांगते. १९०६ साली लायडनच्या नळीत हीलियमने समृद्ध असलेली प्रावस्था हायड्रोजनमधून अशीच खाली गेली होती. तेथे तिला बुडबुडा म्हटले, येथे थेंब म्हटले जाते. आणि या दोहोंत फरक कोणता, हे समीकरणाला विचारले तर त्याला तो प्रश्नच कळणार नाही.